‘ग्रोटेस्क’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ व उगम

इंग्रजी भाषेत आकाराचे बिघडलेपण सांगणारे शब्द पुष्कळ आहेत. ‘क्रुकेड’, ‘डिफॉर्म्ड’, ‘मिसशेपन’, ‘डिस्टॉर्टेड’, ‘अग्ली’ आणि ‘ग्रोटेस्क’ हे त्यांपैकी नेहमी भेटणारे. इंग्रजी-मराठी कोश उघडून पाहिला, तर यांपैकी बहुतेकांच्या पुढे विद्रूप, बेढब, कुरूप, विकृत, विचित्र ही तीच ती पदे फिरून फिरून मांडलेली आढळतात. वाचणारा शिक्षक त्यांतील एखादे उचलतो व पुढे जातो. बहुतेक वेळा त्यावाचून काही अडतही नाही. परंतु यांतील एक शब्द असा आहे की, त्याचा जन्म कोठे झाला हे ठाऊक नसेल तर त्याचा अर्थ हाती लागत नाही. आणि अर्थ हाती न लागता तो वापरला, तर तो भलत्याच ठिकाणी जाऊन लागतो. तो शब्द म्हणजे ‘ग्रोटेस्क’. प्राथमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात तो क्वचितच येईल. तथापि महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जात असल्याने प्राथमिक शिक्षकांचे स्वतःचे इंग्रजी वाचन वाढले आहे, आणि गोष्टींच्या पुस्तकांत, चित्रांच्या वर्णनांत हा शब्द त्यांस अनेकदा भेटत असेल. म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

आरंभी वरील शब्दांतील भेद ध्यानात घ्यावा. ‘क्रुकेड’ म्हणजे वाकडा. या शब्दात निंदा असलीच पाहिजे असे नाही. रस्ता वाकडा असतो, फांदी वाकडी असते. ‘डिस्टॉर्टेड’ याचा मूळ अर्थ पिळवटलेला. त्यातील लॅटिन धातू पिळण्याचा, मुरगाळण्याचा आहे. ‘मिसशेपन’ म्हणजे घडण चुकलेला, आणि ‘डिफॉर्म्ड’ म्हणजे मूळच्या रूपापासून ढळलेला. या दोहोंत ‘असा आकार असावयास हवा होता’ अशी एक अपेक्षा गृहीत धरलेली आहे. ‘अग्ली’ हा शब्द तर आकार सांगतच नाही; तो पाहणाऱ्याच्या मनात काय आले एवढेच सांगतो. मग ‘ग्रोटेस्क’ काय सांगतो? त्याचे उत्तर शोधण्यासाठी रोमला जावे लागते, आणि तेही जमिनीखाली.

इसवी सन ६४ मध्ये रोम शहरात मोठी आग लागली व शहराचा बराच भाग जळून गेला. नीरो हा त्या वेळी रोमचा सम्राट होता. मोकळ्या झालेल्या विस्तीर्ण जागेवर त्याने स्वतःसाठी एक प्रचंड प्रासाद उभारण्यास घेतला. त्यास ‘सुवर्णगृह’ असे नाव पडले. त्यात बागा होत्या, खोदून केलेला जलाशय होता, आणि ओपियन नावाच्या टेकडीच्या उतारावर दालनांच्या रांगाच्या रांगा होत्या. या दालनांच्या भिंती व छते चित्रांनी मढविलेली होती. फाबुलस नावाचा चित्रकार तेथे काम करीत असे; तो परातीवर चढला तरी रोमन नागरिकाचा झगा अंगावरून उतरवीत नसे, असे प्लिनी या प्राचीन ग्रंथकाराने नमूद केले आहे. रंगाने अंगरखे माखणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

इसवी सन ६८ मध्ये नीरोचा अंत झाला. त्याच्या मागून आलेल्या सम्राटांना ही वास्तू म्हणजे लोकांच्या संतापाची खूण वाटत होती. व्हेस्पेशियनने जलाशय आटवून तेथे लोकांसाठी क्रीडागार बांधावयास घेतले. तेच आजचे प्रसिद्ध कोलोसियम. पुढे ट्राजन या सम्राटाने टेकडीवरील दालने मातीने व दगडविटांनी भरून टाकली व त्यांच्या डोक्यावर सार्वजनिक स्नानगृहे उभी केली. ती इसवी सन १०९ मध्ये खुली झाली. अशा रीतीने नीरोचा प्रासाद पाडला गेला नाही, पुरला गेला. माती छतापर्यंत भरली असल्याने हवा व ऊन यांपासून चित्रे वाचली. तेरा शतकांहून अधिक काळ त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही.

सुमारे १४८० साली टेकडीवर पडलेल्या भोकांतून माणसे आत उतरू लागली. एक तरुण चालता चालता खड्ड्यात पडला व त्यास चित्रांनी भरलेली गुहा दिसली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चित्रकार मंडळी दोर बांधून, मशाली घेऊन आत उतरत व भरलेल्या मातीच्या ढिगावर सरपटत छताजवळ पोहोचत, हे मात्र खरे. कित्येकांनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. आज ती छतालगत, माणसाच्या हाताला न पोहोचणाऱ्या उंचीवर दिसतात. कारण त्या वेळी जमीनच तेवढी वर आलेली होती.

या मंडळींनी तेथे काय पाहिले? देठासारखे बारीक खांब, आणि त्यांवर उभी केलेली इमारत. वेलीची वळणे घेत वर जाणारी नक्षी, तिच्या टोकाला फूल उमलावे तर त्या फुलातून कमरेपर्यंतचा माणूस बाहेर आलेला. पुढून सिंह, मागून पानांचा झुपका. पंख फुटलेले घोडे, माशाची शेपटी असलेले बोकड, स्त्रीचे मुख व पक्ष्याचे धड. यांत काहीही अवजड नव्हते. सारे हलके, नाजूक आणि डाव्याउजव्या अंगांनी अगदी तोलून काढलेले असे होते. प्राणी कोठे संपतो व वनस्पती कोठे सुरू होते हे मात्र सांगता येत नव्हते.

आपण प्रासादात उतरलो आहोत याची त्यांना प्रथम कल्पना नव्हती. त्यांना त्या गुहाच वाटल्या. गुहेला इटालियन भाषेत ‘ग्रोत्ता’ म्हणतात. म्हणून गुहेत सापडलेली ती ‘ग्रोत्तेस्का’, अर्थात गुहेतली नक्षी. शब्दाचा उगम एवढाच आहे. त्यात विद्रूपता नाही, निंदा नाही, आकाराचा उल्लेखसुद्धा नाही. मुंबईचा हलवा किंवा पैठणची पैठणी म्हणावे तसे हे केवळ ठिकाणावरून पडलेले नाव आहे. हे नाव लवकरच चित्रकारांच्या व्यवहारात रूढ झाले. सिएना या शहरातील एका ग्रंथालयाची छते रंगविण्याबाबत पिंतुरिक्किओ या चित्रकाराशी १५०२ साली जो करार झाला, त्यात हल्ली ज्यांस ‘ग्रोत्तेस्के’ म्हणतात त्या प्रकारची नक्षी असावी असे कलम घातलेले आहे. करारनाम्यात शब्द येणे म्हणजे तो बाजारात चालू लागला याची पक्की खूण होय. पुढे राफाएल व त्याचा सहकारी जोव्हान्नी दा उदिने यांनी व्हॅटिकनमधील सज्जे अशाच नक्षीने सजविले. ते काम १५१९ च्या सुमारास पुरे झाले. संगमरवराची पूड चुन्यात मिसळून प्राचीन रोमनांसारखा पांढराशुभ्र गिलावा जोव्हान्नीने खटपटीने साधला, असे व्हासारी हा चित्रकारांचा चरित्रकार सांगतो.

नाव चुकीचे आहे, ही तक्रारही तेव्हाच झाली होती. चेल्लिनी या सोनाराने आपल्या आत्मचरित्रात म्हटले आहे की, या जागा मुळात गुहा नव्हत्याच; भोवतालची जमीन चढत गेल्याने त्या खाली गेल्या, आणि लोक त्यांस गुहा म्हणू लागले. या चित्रांतील प्राण्यांस अद्भुत सत्त्वे किंवा राक्षस असेच म्हणावे, असे त्याचे मत. पण रूढ झालेल्या शब्दापुढे व्याकरणकार हरतो तेथे सोनाराचे काय चालणार!

या चित्रांविषयी नाराजी मात्र शब्दाहूनही जुनी आहे. नीरोच्या पूर्वीच, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वास्तुशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्या विट्रुव्हियसने अशा नक्षीवर कडक टीका केलेली आहे. बोरूसारखी काटकी छप्पर कशी पेलील? देठातून माणूस कसा उगवेल? जे नाही, होऊ शकत नाही, कधी झालेले नाही, ते भिंतीवर का काढावे? असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. येथे त्याच्या आक्षेपाचे स्वरूप नीट पाहावे. चित्रे कुरूप आहेत असे तो म्हणत नाही. ती असंभव आहेत, असे म्हणतो. ‘ग्रोटेस्क’ या शब्दाच्या अर्थाची किल्ली येथेच आहे. दोन भिन्न जातींचे आकार एका देहात बेमालूम जोडले जाणे, आणि त्यामुळे पाहणाऱ्यास एकाच वेळी हसू, कौतुक व किंचित भय वाटणे, हा त्याचा गाभा होय.

तेथून हा शब्द फ्रान्समध्ये गेला. मोंतेन्य या फ्रेंच निबंधकाराने १५८० साली आपले निबंध प्रसिद्ध केले. एका चित्रकाराने भिंतीच्या मधोमध नेमके चित्र काढून भोवतालची रिकामी जागा अशा नक्षीने भरली, हे पाहून तो म्हणतो की, माझे निबंधही याच जातीचे, निरनिराळे अवयव जोडून केलेले, ठरीव आकार नसलेले आहेत. स्वतःच्या लेखनाला कोणी विद्रूप म्हणून मिरवीत नाही. त्याच्या मनात या शब्दाचा अर्थ ‘मनसोक्त जुळविलेले’ असाच होता, हे उघड आहे. इंग्लंडमध्ये हा शब्द सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचला. तत्पूर्वी अशाच नक्षीला तेथे ‘अँटिक’ म्हणत. म्हणजे प्राचीन धाटणीची. त्या शब्दाचेही पुढे तेच झाले. प्राचीन हा अर्थ गळून ‘माकडचेष्टा’ एवढाच अर्थ आज उरला आहे.

मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य १६६७ साली प्रसिद्ध केले. त्यात नंदनवनाच्या चढणीवरील दाट झाडीला त्याने हेच विशेषण लाविले आहे. स्वर्गीय उद्यानाची वाट विद्रूप असेल काय? तेथे गुंतागुंतीची, रानवट, वेलींनी माखलेली असाच अर्थ घ्यावा लागतो. कोशातील पहिले पद उचलून या ओळीचे भाषांतर करणारा वाचक तेथे फसेल.

याच शतकात सर थॉमस ब्राउन या नावाचा एक वैद्य नॉरिच या गावी राहत असे. त्याचे ‘रिलिजिओ मेडिसी’ हे पुस्तक १६४३ साली त्याच्या संमतीने छापले गेले. त्यात तो म्हणतो की, निसर्गात ‘ग्रोटेस्क’ असे काही नाहीच. बेडूक, अस्वल किंवा हत्ती यांना आपण कोणत्या तर्काने कुरूप म्हणतो हे मला कळत नाही. कारण त्यांचे बाह्य रूप त्यांच्या आतील कार्याला अगदी अनुरूप असेच घडलेले आहे. हा विचार एका वैद्याचा आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्याने आयुष्यभर मोडलेली, सुजलेली, वाकलेली शरीरे हाताळली, तो हे म्हणतो. गुहेतली नक्षी माणसाच्या कल्पनेने जुळविली. देह कोणी गंमत म्हणून जुळविलेला नसतो. म्हणून हा शब्द चित्राला लागतो, जीवाला लागत नाही. शब्दाच्या योग्य वापराचा याहून चांगला नियम कोणत्याही कोशात आढळणार नाही.

दुर्दैवाने व्यवहार त्या नियमाने चालला नाही. सतराव्या शतकापासून हळूहळू ‘ग्रोटेस्क’ म्हणजे हास्यास्पद, प्रमाण सुटलेला, आणि अखेरीस किळसवाणा, असा अर्थ उतरत गेला. व्हिक्टर ह्यूगोने १८२७ साली ‘क्रॉमवेल’ या नाटकाच्या प्रस्तावनेत उदात्ताच्या जोडीला ग्रोटेस्कलाही साहित्यात मानाचे स्थान आहे असे ठासून मांडले. १८३१ सालच्या कादंबरीत त्याने कुबड असलेल्या घंटावाल्यास नायक केले. तेथे शब्द उंचावला खरा, पण तो चित्रावरून माणसाच्या देहावर येऊन बसला, हेही तितकेच खरे. इंग्लंडच्या छापखान्यांत तर आणखी एक मौज घडली. १८३० नंतरच्या दशकात विल्यम थोरोगुड या लंडनच्या टंककाराने ज्यांच्या टोकांना आडव्या रेघा नाहीत अशा साध्या अक्षरांस ‘ग्रोटेस्क’ हे नाव दिले. कारण शेपट्या असलेल्या अक्षरांना सरावलेल्या डोळ्यांस ती विचित्र दिसत. आज लहान मुलांच्या इंग्रजी वाचनपुस्तकांत वाचावयास सोपी म्हणून पुष्कळदा त्याच कुळातील अक्षरे घातलेली असतात!

या शब्दाचा व त्याच्या भावंडांचा आपल्या देशाशीही संबंध आला आहे, आणि तो फारसा सुखाचा नाही. रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाने ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथाच्या १८५३ सालच्या तिसऱ्या खंडात ग्रोटेस्कची उदात्त व हीन अशी विभागणी करून उदात्त प्रकाराची मोठ्या आस्थेने बाजू मांडली. त्याच रस्किनने १८५७ च्या उठावानंतर लगेच, १८५८ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात भारतीय कलेला निराळा न्याय लाविला. भारतीय कारागिराची रंगांची व नक्षीची नजर सूक्ष्म आहे हे मान्य करूनही, तो मनुष्य काढीत नाही, आठ हातांचा राक्षस काढतो, असे त्याने म्हटले. युरोपातील सर्वांत व्यासंगी डोळ्यांपैकी एक, आणि तोही येथे अडखळला. कारण आठ हात म्हणजे बिघडलेला मनुष्य, असे त्याने गृहीत धरले. ते मनुष्याचे चित्रच नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. पार्थ मित्तर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात युरोपीयांच्या अशा समजुतींचा सबंध इतिहास दिलेला आहे. जिज्ञासूंनी तो पाहावा.

आपल्याकडे संमिश्र देहांचे शिल्प काही कमी नाही. मंदिराच्या उंबरठ्यावरील कीर्तिमुखास धड नसते, खालचा जबडा बहुधा नसतो, डोळे बटबटीत असतात. तरीही त्याचे नाव ‘कीर्तीचे मुख’ असे आहे. भुकेपोटी स्वतःचा देह खाऊन टाकणाऱ्या त्या जीवास शंकराने हे नाव दिले, अशी पुराणकथा आहे. मकरास हत्तीची सोंड व मगरीचे अंग असते. गंडभेरुंड दोन मुखांचा पक्षी. यांपैकी एकालाही आपल्या भाषेने विद्रूप म्हटलेले नाही. प्रत्येकास त्याचे त्याचे नाव दिले. रोमच्या नक्षीस नेमके नाव नव्हते, म्हणून गुहेचे नाव तिला चिकटले, आणि पुढे त्या नावाची शिवी झाली.

जाता जाता याच वर्गातील दुसऱ्या एका शब्दाचा उल्लेख करावयास हवा, कारण त्याच्या जन्माशी गोव्याचा धागा जुळतो. कलेच्या इतिहासात ‘बरोक’ ही संज्ञा येते. तिचे मूळ सामान्यतः ‘बार्रोको’ या पोर्तुगीज शब्दाकडे नेतात. त्याचा अर्थ गोल नसलेला, वेडावाकडा मोती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. भारतातील औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि त्यात मोत्यांच्या वर्णनात घडण नीट नसलेल्या मोत्यांसाठी हा शब्द आला आहे. जव्हेऱ्याच्या तराजूतील शब्द अठराव्या शतकात युरोपातील इमारतींना हिणविण्यासाठी वापरला गेला, व त्यानंतर तीच हेटाळणी गौरवाची संज्ञा बनली. ग्रोटेस्क खाली उतरला, बरोक वर चढला.

आता प्रश्न उरतो, तो मराठी प्रतिशब्दाचा. ‘विद्रूप’ व ‘कुरूप’ हे शब्द निवाडा देतात. आकार सांगत नाहीत. ‘विकृत’ हा शब्द आज मनाच्या रोगाकडे झुकला आहे. ‘विचित्र’ हा मूळ अर्थाला जवळचा, कारण संस्कृतात त्याचा अर्थ चित्रविचित्र, नानाविध असा आहे. पण रोजच्या बोलण्याने तो झिजून गेला आहे. ‘बेढब’ मला कित्येक ठिकाणी बरा वाटतो. फारसी ‘बे’ आणि देशी ‘ढब’ यांचा जोड असलेला हा शब्द म्हणजे स्वतःच एक लहानसा ग्रोटेस्क आहे! तरीही एका पदाने सर्वत्र भागणार नाही. नक्षीच्या संदर्भात ‘संमिश्राकृती’, वर्णनाच्या संदर्भात ‘अद्भुत’ किंवा ‘चमत्कारिक’, आणि निंदा अभिप्रेत असेल तेथेच ‘ओंगळ’ किंवा ‘बीभत्स’, असे वाक्य पाहून ठरवावे.

शब्दाची ही छाननी शाळेत कोठे उपयोगी पडते? वर्गात एखादा मुलगा वळलेल्या पायाचा असतो, एखाद्या मुलीचा ओठ जन्मतः दुभंगलेला असतो. इतर मुले त्यांस नावे ठेवतात, आणि ते शब्द मुलांनी मोठ्यांकडूनच उचललेले असतात. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ याच्या सतराव्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ साली झाला. कायदा मनाई करतो. बोलावे कसे हे कायदा शिकवीत नाही, ते भाषेच्या तासालाच शिकवावे लागते. ‘त्याचा पाय आत वळलेला आहे’ हे वर्णन झाले. ‘तो विद्रूप आहे’ हे वर्णन नव्हे. डॉक्टराच्या कागदावर ‘डिफॉर्मिटी’ हा शब्द असेल, तर तो त्या पायाच्या हाडासंबंधी आहे, मुलासंबंधी नाही. अष्टावक्र ऋषींच्या नावात ‘वक्र’ हे पद आहे. ते आठ ठिकाणचे वाकलेपण मोजून सांगते आणि तेथेच थांबते. जनकाच्या सभेत बंदीला वादात हरविणारा तो हाच.

उच्चाराविषयी दोन शब्द. ‘ग्रोटेस्क’ मधील आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘टेस्क’ वर द्यावा. शेवटी क्यू, यू, ई ही तीन अक्षरे असली तरी उच्चार केवळ ‘क’ असा होतो. ‘चेक’, ‘युनिक’, ‘अँटिक’ व ‘पिक्चरेस्क’ या शब्दांच्या शेवटीही तीच अक्षरे व तोच उच्चार आहे. ‘ग्रोटो’ म्हणजे लहान गुहा, ‘क्रिप्ट’ म्हणजे तळघर, ‘क्रिप्टोग्राफी’ म्हणजे गुप्तलेखन. लपविणे हा अर्थ असलेल्या एकाच ग्रीक धातूपासून हे सर्व आले आहेत. शब्द असे कुटुंबाने शिकविले, की ते ध्यानात राहतात.

चौथीच्या पुढील वर्गांत एक उपक्रम करून पाहता येईल. प्रत्येक मुलाने कागदाची तीन घड्यांची पट्टी घ्यावी. पहिल्या घडीवर एकाने डोके काढावे व ते दुमडून पट्टी शेजाऱ्याकडे द्यावी. त्याने डोके न पाहता धड काढावे, तिसऱ्याने पाय किंवा शेपटी. पट्टी उघडल्यावर वर्गात हशा पिकेल. तो पिकू द्यावा. मग प्रत्येकाने त्या प्राण्यास एक नाव द्यावे आणि त्याखाली इंग्रजीत तीन साधी वाक्ये लिहावीत: त्याला काय आहे, तो काय खातो, तो कोठे राहतो. ‘अग्ली’ हा शब्द मात्र वापरावयाचा नाही. चित्रे भिंतीवर लावताना वर मोठ्या अक्षरांत ‘ग्रोटेस्क’ असे लिहावे.